हप्ता न घेणारा हात

गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ 1983 साली पडद्यावर आला. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी त्यातल्या फौजदार अनंत वेलणकरविषयीचं आपलं मत तसूभरही हललेलं नाही. माणूस सचोटीचा, खातं सडलेलं. आमदार, दिल्लीपर्यंत हात पोचलेले मध्यस्थ, गुंड आणि वरचे साहेब अशा सगळ्यांनी मिळून त्याला घेरलं आणि शेवटी टोळीप्रमुख रामा शेट्टीचा गळा आवळून त्याने त्या वेढ्याला भगदाड पाडलं. चित्रपटावरच्या लेखांत, वेलणकर साकारणारे ओम पुरी गेले तेव्हाच्या आदरांजल्यांत आणि पोलिसांवरच्या कुठल्याही चर्चेत हेच वाचायला आणि ऐकायला मिळतं. हे मत चुकीचं आहे, आणि त्या चुकीचे परिणाम चित्रपटगृहाच्या बाहेरही भोगावे लागतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. वेलणकर पैसे खात नाही. शेट्टीच्या माणसांना सोडण्याची गळ तो धुडकावतो. एका फिर्यादीवरून तो काही मवाल्यांना पकडतो, ते आमदाराची माणसं निघतात आणि आमदार त्याच्या निलंबनासाठी हटून बसतो. पुढे शेट्टीच्याच टोळीतला एक माणूस अर्धवट जळालेल्या अवस्थेत सापडतो. वेलणकर त्याला इस्पितळात नेतो, जबाब घेतो, जबाबात शेट्टीचं नाव येतं. तो शेट्टीला अटक करायला त्याच्या घरी जातो, शेट्टी शांतपणे एक फोन फिरवतो आणि वेलणकरला वरूनच परत फिरायचा हुकूम येतो. जिवावर उदार होऊन तो एका दरोडेखोराला पकडतो, तर श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावावर जमा होतं. इतकं पाहिल्यावर प्रेक्षकाने त्याच्या बाजूने उभं राहावं यात नवल नाही. शिवाय काळही तसा होता. 1977 साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1981 पर्यंत आठ अहवाल दिले आणि राजकीय दडपण हे पोलिसांच्या दुखण्याचं एक मोठं कारण म्हणून नोंदवलं. ऑगस्ट 1982 मध्ये तर मुंबईतले शिपाईच आपल्या गाऱ्हाण्यांसाठी रस्त्यावर आले, शहरात दंगल पेटली आणि सैन्य बोलवावं लागलं. खाकीच्या आतला माणूसही पिळला जातो हे तेव्हाच्या मुंबईकराने डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे सगळं मला मान्य आहे. दडपण खरं होतं, अपमान खरा होता. माझा आक्षेप आहे तो यातून निघणाऱ्या अनुमानाला: भ्रष्टाचार बाहेरून आला, आत एक स्वच्छ माणूस बसलेला होता, आणि बाहेरच्या घाणीने त्याला बुडवलं. चित्रपट पुन्हा पाहावा आणि या वेळी वेलणकरच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या हातांकडे पाहावं. मग घटनांचा क्रम वेगळा दिसू लागतो.

पहिलीच घटना घ्या. वस्तीतला एक साधा माणूस फिर्याद घेऊन येतो की मवाली बायकोला छळतात. फौजदाराने फिर्याद नोंदवावी, आरोपींना अटक करावी, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं. यातली अटक वेलणकर करतो. पण नंतर तो त्यांना कोठडीत बेदम मारतो. हे कर म्हणून त्याला आमदाराने सांगितलेलं नव्हतं, शेट्टीने नव्हतं, साहेबांनीही नव्हतं. या मारहाणीत दडपणाचा लवलेश नाही, ती त्याची स्वतःची आहे. आमदाराचा हेतू वाईट होता, आपली माणसं त्याला निवडणुकीसाठी मोकळी हवी होती. पण पोलीस कोठडीत मारहाण झाली या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. नुसती अटक करून थांबला असता तर आमदाराच्या हाती वेलणकरविरुद्ध काय उरलं असतं? रागाने बदली करून घेतली असती, फार तर. निलंबनाचं हत्यार त्याच्या हातात वेलणकरनेच दिलं.

आता हैदर अली. शफी इनामदारांनी हा वरिष्ठ निरीक्षक इतका समजूतदार उभा केला आहे की त्याच्यावर रागावणं जमत नाही, आणि माझ्या मते चित्रपटातली सर्वांत महत्त्वाची व्यक्तिरेखा तीच आहे. वेलणकर म्हणतो, माझं मन साफ आहे, चौकशी होऊ द्या. हैदर त्याला व्यवहार समजावतो: चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळेल, सेवापुस्तकावर डाग पडेल तो कायमचा. मग तो त्याला देसाईकडे नेतो. या देसाईची दिल्लीत ऊठबस आहे. दिल्लीचं वजन आमदाराच्या वजनापेक्षा जड ठरतं आणि प्रकरण मिटतं. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी घेतले नाहीत. हैदरने हे सगळं मायेने केलं, धाकट्या सहकाऱ्याचं करिअर वाचावं म्हणून केलं.

बहुतेक समीक्षक या प्रसंगावरून भरभर पुढे जातात, कारण त्यांच्या मते इथे वेलणकरवर अन्याय होता होता टळतो. मला हा प्रसंग संपूर्ण चित्रपटाची किल्ली वाटतो. वेलणकर या क्षणी विकला जातो. किंमत पैशात नाही, देण्यात आहे. देसाईने फुकट काम केलं म्हणजे वेलणकरच्या नावावर एक रक्कम लिहून ठेवली, जी कधी, कुणी आणि कशी वसूल करायची हे वेलणकरच्या हाती राहिलं नाही. ज्याने कोठडीत हात उचलला आहे त्याला वाचवणारा कुणीतरी लागतोच. वाचवणारा कायद्याच्या वर बसलेला असावा लागतो, कारण कायद्याच्या कक्षेत त्याचा बचाव होऊच शकत नाही. म्हणजे मारहाण आधी, संरक्षण नंतर, आणि संरक्षणाच्या मागून ताबा. ठाण्यातल्या भ्रष्टाचाराचं मूळ कुठे आहे असं मला कुणी विचारलं तर मी हप्त्याकडे बोट दाखवणार नाही. हप्ता हे या झाडाचं फळ आहे. मूळ कोठडीत आहे.

राजकारण्याला कुठला अधिकारी सोयीचा, याचाही इथे विचार करावा. पैसे खाणारा सोयीचा असतो हे उघड आहे, पण तो महाग पडतो, आणि जास्त देणारा भेटला की फितूर होतो. त्याहून सोयीचा तो, जो पैशाला शिवत नाही, लोकांत ज्याचा दरारा आहे, आणि ज्याच्याविरुद्ध मारहाणीची दोन-तीन प्रकरणं कुठल्यातरी टेबलावर दाबून ठेवलेली आहेत. त्याला लाच द्यावी लागत नाही. फाईल नुसती हलवली तरी पुरतं. अशा माणसाला आपण ‘कडक पण प्रामाणिक’ म्हणून डोक्यावर घेतो आणि मग तो वरच्या साहेबांपुढे का वाकला याचं आश्चर्य करतो.

ज्या मृत्यूने वेलणकर बुडतो तो पाहा. अपमानाने आणि दारूने पोखरलेल्या अवस्थेत तो एका भुरट्या चोराला मारत राहतो आणि तो चोर कोठडीतच मरतो. चोरीचा माल काय, तर एक लहानसा ट्रान्झिस्टर. ही वस्तू पटकथेत सहज आलेली नाही. ज्यांना ठाण्याचा कारभार ठाऊक आहे त्यांना ट्रान्झिस्टर म्हणजे ‘मुद्देमाल’ हे लगेच कळतं, आणि मुद्देमाल का काढायचा असतो हेही. 1855 साली मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला, महसूल आणि पोलीस खात्यातली माणसं लोकांना कसं छळतात ते कंपनी सरकारच्या कागदावर आलं. पुढे 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 आलं: पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. मार देऊन कबुली मिळवण्यात मग अर्थ उरला नसता. पण त्याच कायद्याच्या कलम 27 ने एक दार किलकिलं ठेवलं. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर ती वस्तू जिच्यामुळे सापडली तेवढी माहिती पुराव्यात घेता येते. दीडशे वर्षं तपासाची गाडी या दारातून जाते आहे. चोराने काय केलं याहून माल कुठे आहे हे त्याच्या तोंडून काढणं महत्त्वाचं, कारण माल निघाला की पंचनामा होतो, गुन्हा ‘उघडकीस’ आला अशी नोंद होते आणि महिन्याच्या आढाव्यात आकडा बरा दिसतो. 2023 च्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कलम 23 मध्ये कायम आहे.

वेलणकरने ट्रान्झिस्टरसाठी माणूस मारला तो या रुळलेल्या वाटेवरून चालताना. रोज हलक्या हाताने चालणारं काम त्या रात्री जड हाताने झालं, इतकाच फरक. राजकीय दडपणाने त्याचा तोल सुटला असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं की तोल सुटला नसता तेव्हा त्या कोठडीत काय झालं असतं. चोर मार खाऊन जगला असता. आपल्याला तेवढं चाललं असतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

चित्रपटाने या हाताचा उगमही दाखवला आहे. पोलिसात नोकरी केलेला बाप, त्याने क्षुल्लक कारणावरून बायकोवर उचललेला हात, आणि कोपऱ्यात उभं राहून ते बघणारा पोरगा. पुढे शिकायची इच्छा असताना बापानेच त्याला खात्यात ढकललं. अमरीश पुरींचा तो बाप कुठल्या आमदाराच्या दडपणाखाली बायकोला मारत नव्हता. त्याच्याकडे घरातली सत्ता होती आणि ती वापरायची एकच रीत त्याला ठाऊक होती. पोराने ती रीत घृणेने पाहिली आणि पुढे तीच उचलली. याला व्यवस्थेने घडवलेलं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग व्यवस्थेची व्याख्या मंत्रालयापासून सुरू करून चालणार नाही.

ज्योत्स्नावर तर प्रचलित मताने अन्यायच केला आहे. स्मिता पाटील यांनी केलेली ही साहित्याची प्राध्यापिका वेलणकरपासून दूर होते, आणि बरेच जण तिला पुस्तकी, सुखवस्तू, पोलिसाचं आयुष्य न कळणारी ठरवून मोकळे होतात. ती काय वाचत असेल याचा विचार करा. 1980 च्या अखेरीस भागलपूरच्या कच्च्या कैद्यांचे डोळे पोलिसांनी फोडल्याच्या बातम्या देशभर गेल्या होत्या, आणि त्या कृत्याचं समर्थन करणारेही त्या गावात थोडे नव्हते. आपल्याच, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत 1972 साली एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, त्यातल्या पोलिसांची सर्वोच्च न्यायालयातून झालेली सुटका, त्यावर पेटलेलं स्त्रियांचं आंदोलन आणि 1983 सालीच बदललेला बलात्काराचा कायदा, हे सारं ज्योत्स्नाच्या जगातलं आहे. पोलिसाच्या ताब्यातल्या माणसाचं काय होतं हा त्या वर्षांतला सर्वांत जिवंत प्रश्न होता. देसाईकडून प्रकरण मिटवून घेतल्यावर वेलणकर सुटकेचा श्वास सोडतो, आणि त्यात काहीतरी चुकलं आहे हे ज्योत्स्नाला दिसतं. अख्ख्या चित्रपटात ते तिला एकटीलाच दिसतं.

पटकथाकाराची साक्षही काढली पाहिजे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’. तिच्यावरून पटकथा लिहिली विजय तेंडुलकरांनी. हिंसेच्या रूपांचा अभ्यास करण्यासाठी त्यांना सत्तरच्या दशकात नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली होती, निहलानींसाठी ‘आक्रोश’ त्यांनीच लिहिला होता आणि त्याही आधी, 1972 साली, ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं होतं. ‘अर्धसत्य’वर लिहिणारे चित्रपट तेवढा पाहतात, आणि नाटकवाले नाटकापाशी थांबतात. दोन्ही शेजारी ठेवली की तेंडुलकरांच्या मनातली आकृती स्पष्ट होते. घाशीराम सावळदास हा नाना फडणिसांच्या काळातला पुण्याचा कोतवाल. 1791 साली त्याच्या माणसांनी एका लहानशा कोठडीत कोंडलेले तैलंग ब्राह्मण गुदमरून मेले, शहर उसळलं आणि घाशीरामाला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं. म्हणजे पुण्याच्या इतिहासातला हा प्रसंगदेखील कोठडीतल्या मृत्यूचाच. तेंडुलकरांच्या नाटकात घाशीराम आपली मुलगी नानांना देऊन कोतवाली मिळवतो, त्या अधिकारावर शहर छळतो आणि नानांना तो नकोसा झाला की नाना त्याला जमावाच्या हवाली करतात. नानांना कशाची तोशीस पडत नाही.

वेलणकर आणि घाशीराम यांची तुलना अनेकांना खुपेल. एक सूडाने पेटलेला, दुसरा न्यायाच्या तळमळीने. पण मुलीचा सौदा बाजूला ठेवला तर रचना एकच आहे. कुणाच्या तरी पाठबळावर मिळालेली मोकळीक, त्या मोकळिकीत उचललेला हात, कोठडीत गेलेला जीव, आणि मग पाठबळ देणाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहणं. भुरट्या चोराच्या मृत्यूनंतर वेलणकर रामा शेट्टीच्या घरी जातो ते अटक करायला नाही. देसाईकडून काम होणार नाही, आता शेट्टीच वाचवू शकेल, म्हणून जातो. सदाशिव अमरापूरकरांचा शेट्टी त्याला हसतो आणि अट घालतो: माझा हो. प्रेक्षकाला हा अपमान वाटतो. मला त्यात शेट्टीचं स्वच्छ गणित दिसतं. तो वेलणकरकडे नवीन काही मागत नाही. देसाईकडे जे खातं उघडलं होतं तेच आपल्याकडे वर्ग करून घेतो आहे.

परदेशातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. न्यूयॉर्कचा पोलीस फ्रँक सर्पिको यानेही हप्ता घ्यायला नकार दिला होता. 1971 साली ब्रुकलिनमध्ये एका छाप्याच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर गोळी लागली, आणि 1973 साली सिडनी लुमेटने त्याच्यावर चित्रपट केला, अल पचिनोला घेऊन. पण सर्पिको नुसता हात कोरडा ठेवून थांबला नाही. तो वर्तमानपत्राकडे गेला, पोलिसांतल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगापुढे उभा राहून आपल्याच सहकाऱ्यांविषयी बोलला. वेलणकर कुणाविषयी कुठे बोलला? शेट्टीला सोडायचा हुकूम देणाऱ्या साहेबाविरुद्ध त्याने एक ओळ लिहून ठेवल्याचं दिसत नाही. त्याचा संताप खरा आहे, पण तो दरवेळी खाली वळतो, ज्याच्यावर हात चालतो त्याच्यावर. त्याला सचोटी म्हणायला मी तयार नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: वास्तवात गुन्हेगार सरळपणे बोलत नाहीत, न्यायालयं वेळेवर निकाल देत नाहीत, मग पोलिसाने करावं काय? हाच युक्तिवाद कोठडीतून रस्त्यावर आला तेव्हा त्याला चकमक हे नाव मिळालं. जानेवारी 1982 मध्ये वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे मारला गेला, ती मुंबईतली पहिली गाजलेली चकमक मानली जाते. ‘अर्धसत्य’ तेव्हा यायचा होता. पुढची पंचवीस वर्षं चकमकी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती छापल्या गेल्या, त्यांच्यावर चित्रपट निघाले. मग 2006 साली वर्सोव्यात झालेल्या एका चकमकीचा खटला उभा राहिला. फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं की धंद्यातल्या वैऱ्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी एका माणसाला उचलून आणून मारलं. 2013 साली सत्र न्यायालयाने 13 पोलिसांना दोषी ठरवलं. ‘समाजासाठी’ कायदा ओलांडणारा हात आणि सुपारी घेणारा हात यांच्यामध्ये भिंत आहे अशी आपली समजूत होती. ती भिंत किती पातळ आहे, हे या खटल्याने दाखवलं.

‘सिंघम’सारख्या चित्रपटांवर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीही जाहीर नापसंती दाखवली आहे, आणि जाणकार मंडळी ‘अर्धसत्य’ अस्सल, ‘सिंघम’ भडक असा फरक करतात. फरक आहेच. पण वेलणकर हा व्यवस्थेचा निष्पाप बळी असं एकदा मानलं, की सिंघमला नाकारायला आपल्यापाशी कारण उरत नाही. सिंघम म्हणजे चौकशीची भीती नसलेला वेलणकर.

हा वाद निव्वळ चित्रपटाचा नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे आदेश दिले. त्यांतल्या ज्या भागाची आपण सतत आठवण काढतो तो पोलिसाला राजकारण्यापासून वाचवणारा: निश्चित कार्यकाळ, बदल्यांसाठी मंडळ. पोलिसाच्या ताब्यात मार खाल्लेल्या माणसाने जायचं कुठे, यासाठी त्याच निकालाने राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणं सांगितली आहेत. महाराष्ट्रात 2014 च्या दुरुस्तीने कायद्यात त्यांची तरतूद झाली. त्यांच्याविषयी किती लेख वाचले आठवून पाहा. वेलणकरला वाचवायची तळमळ आपल्यात पुरेपूर आहे. ट्रान्झिस्टर चोरणाऱ्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना आठवतं?

शेवट वेलणकरचा विजय आहे असं मानणाऱ्यांना माझा प्रश्न त्याच ठिकाणी आहे. शेट्टीला मारून तो स्वतःच्या पायांनी ठाण्यात जातो आणि गुन्हा सांगतो, हे त्याच्या सचोटीचं शिखर म्हणून दाखवलं जातं. त्या घडीला त्याच्या हातून दोन माणसं मेलेली आहेत. तो हजर होतो ते शेट्टीच्या खुनासाठी. चोराच्या मृत्यूनंतर तो स्वतःहून कुठेही हजर झाला नव्हता. तो मृत्यू दाबून टाकावा अशी विनवणी घेऊन तर तो शेट्टीच्या घरी गेला होता.